आंघोळीआधी ये

माघ शु. ३, सोमवार
"तपासायचं ते बाईला. गड्यात काय बघायचंय?" सासूबाई मला वैद्यांकडे घेऊन गेल्या होत्या, तेव्हा माझी नाडी सोडता सोडता ते म्हणाले होते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची. आज दवाखान्यात वंध्यत्वाची वही चाळताना आठवलं. इतक्या वर्षांच्या नोंदी: पाळी, ताप, ओटीपोट, खाणं. सगळ्या बायकाच. नवऱ्यांचं नाव नि वय, बस्स. आणि याला मी संशोधन म्हणते. कंबर धरली आहे.

माघ शु. ५, बुधवार
पालीची गौराबाई आली. किराणा दुकानदाराची बायको, पंचविशीची. लग्नाला सात वर्षं, मूल नाही. दोन वर्षं माझ्याकडे येते. तिच्यात मला काही दोष सापडलेला नाही. नवऱ्याचं आता दुसरं लग्न ठरतंय, केजची मुलगी. सांगताना हसत होती. "सवत आली की पाणी शेंदायला दोघी हुतो न्हवं."
नवरा महादप्पा बाहेर गाडीपाशी. दर वेळी तोच आणतो.
तिला म्हटलं, नवऱ्याजवळ राहशील त्या पहाटे तडक इकडे ये. तुझ्यातूनच थेंबभर घेऊन खुर्दबिनीच्या भिंगाखाली मोठं करून बघते, त्याचं बीज जिवंत आहे का. पदरात तोंड लपवून "बरं" म्हणाली.

माघ शु. ९, रविवार
गौ. आली. काचेवर काही म्हणजे काही नाही. केस ओले.
"न्हाऊन आलीस?"
"मंग? आंघुळ करून लिंगपूजा केल्याबिगर आमी पाणी सुदिक घेत न्हाई."
खरंच की. आंघोळीत सगळं धुऊन गेलेलं. एवढी वर्षं या बायकांत काढून मला हे सुचू नये! म्हटलं, आता आंघोळीआधी ये. मागे न्हाणी आहे, पूजा इथेच कर.

माघ शु. १४, शुक्रवार
पारोशी आली. सोबत सासू, दारातूनच सुरू: "पारोश्या सुनंला शिवंभायेर काढती, कसली गं डाक्टरीन तू? कावून ते तरी सांग!"
"नातवासाठी."
"मंग बघ बाई." बसली खाली.
काच लावली. बीज दिसलं. एकही हलत नव्हतं. दुसरी काच. तेच.
पण गाडीरस्त्याला दोन तास गेलेले. तिच्या अंगात राहून मेलं, की मुळातच मेलेलं? यावरून सांगता येत नाही. त्याने स्वतः इथे येऊन ताजं दिलं तरच…
गौ. पूजा आटोपून आली. "हाय का जित्तं?"
अजून सांगता येत नाही, म्हटलं. खोटं नव्हतं. तरी जेवण गेलं नाही.

माघ व. ५, गुरुवार
महादप्पा आईच्या खोकल्याचं औषध न्यायला एकटाच आला. भला माणूस आहे. "गौरी लई गुणाची हाय हो. पर आईनं अन्न सोडलंय." म्हटलं, दुसरीचं ठरवायच्या आधी एकदा तुम्हालाही तपासू द्या.
"मला? पोतं एका हातानं उचलतो की मी!"
समजावून सांगितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. औषध तिथेच विसरून गाडी जुंपली.

माघ व. ९, सोमवार
पालीची सुईण औषध न्यायला आली. म्हणाली, येत्या सोमवारी साखरपुडा. गौ.चा निरोप: आता येत नाही.
मी काचेवर पाहिलेलं बोलून दाखवलं तर हिच्याच अंगात मेलं म्हणतील नि आधी तिलाच घराबाहेर काढतील. गप्प बसले तर केजची ती पोरगी हीच वाट धरून माझ्या दारात येणार.
महादप्पाला चिठ्ठी. मोडीत, त्याला बालबोध अक्षर नीट वाचता येत नाही. "गौराबाईला सांगणार नाही" इथे हात अडला. सगळ्यांत आधी तिलाच कळायला हवं. पण ते वाक्य नसेल तर तो पुढचं वाचणारसुद्धा नाही. ठेवलं.
तरी येणार नाहीच तो. गाडी कशी हाकली ते पाहिलंय मी. तीन फाडल्या, चौथी ही:

रा. रा. महादप्पा यांस,
आईंना सांगणार नाही, गौराबाईलाही सांगणार नाही. वहीत तुमचं नाव घालणार नाही. शुक्रवारी दुपारी दवाखाना बंद असतो, मागचं दार उघडं ठेवते. साखरपुड्याआधी एकदा या.