सावली पडलेला फोटो

मिरज,
ता. २० नोव्हेंबर १९७२

चि. अंजनास नानाकाकाचा आशीर्वाद.

तुझा पहिला रोल जतच्या गाडीच्या कंडक्टरने सांगलीला माझ्या स्टुडिओत पोचवला. पुतण्याने तो धुतला आणि काल रविवारी दवाखान्यात भेटायला येताना फोटो घेऊन आला. आधी अण्णांची खबर देतो, कारण तुझे डोळे तीच शोधत असणार. ताप उतरला आहे. खोकला आहे, पण झोप लागते. भाकरी पुरी खातात आणि इथल्या आमटीला रोज नावं ठेवतात, म्हणजे प्रकृती सुधारते आहे असं मी धरून चाललो आहे.

गेल्या महिन्यात "मेंढरं बघून येतो" म्हणत घोंगडं खांद्यावर टाकून ते दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले होते, ते तुला माहीत आहेच. म्हणून तर माझा जुना डबा कॅमेरा तुझ्या हाती दिला. बाप मेंढरांकडे जाऊ शकत नाही, तर मेंढरांनी बापाकडे यावं. डॉक्टर म्हणतात, छातीच्या दुखण्यात इंजेक्शनं अर्ध्यावर सोडून गेलेला माणूस जास्त बिघडून परत येतो, नाहीतर येतच नाही. तेव्हा बरे होईपर्यंत त्यांना या खाटेवर टिकवायचं, हे आपलं दोघांचं काम. शेजारची खाट माझी, म्हणून राखण मी करीन. फोटो तू पाठव.

आता फोटोंकडे वळू. सांगलीतल्या निम्म्या लग्नांचे फोटो मी काढले आहेत, त्यामुळे पोरगी नवशिकी आहे म्हणून चालवून घेणं मला जमायचं नाही.

एका फोटोत तुझं बोट आलं आहे. बोट छान आहे, पण अण्णांनी मेंढरं मागितली होती. दुसऱ्यात निम्मं आभाळ आणि अर्जुनाचं डोकं गायब. तुझा भाऊ मुळातच बुटका, त्याला आणखी कशाला छाटतेस? बरेचसे फोटो भर दुपारचे आहेत. त्या उन्हात पटक्याखाली तोंड काळं पडतं आणि काळं मेंढरू म्हणजे नुसता डाग दिसतो. सकाळी काढ, नाहीतर दिवस कलताना. तिरपं ऊन आलं की लोकर उठून दिसते. कॅमेरा पोटाशी घट्ट धर, वरून काचेत बघ आणि श्वास रोखून कळ दाब.

एकच फोटो तू संध्याकाळी काढलास, पण त्यात तुझीच सावली पडली आहे. डोक्यावर पदर, दोन्ही कोपरं बाहेर, अशी ती मेंढरांच्या पायांपर्यंत लांब पसरली आहे. तो फोटो बाद. सूर्य अगदी पाठीशी न घेता जरा बाजूला ठेव, म्हणजे सावली चौकटीत येणार नाही.

मुख्य म्हणजे मागे सर. चार-पाच मेंढरांत कॅमेरा खुपसून काय उभी राहतेस? चांगली मागे जा आणि सगळा कळप एकदम घे.

अण्णांनी एकेक फोटो उजेडाला धरून बघितला. मग म्हणाले, "पोरीला म्हणावं, झ्याक हायती. पर हात लय हलतुया तुजा."

तुझा,
नानाकाका


मिरज,
ता. १५ जानेवारी १९७३

चि. अंजनास आशीर्वाद आणि संक्रांतीचा तिळगूळ.

सिस्टरांनी वॉर्डात एकेक वडी वाटली. अण्णांनी त्यांची मला दिली, कारण त्यांच्या मते तिच्यात गूळ नावालाच होता. वजन थोडं वाढलं आहे. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. माझं हे पत्र मात्र फक्त तुझ्यासाठी आहे.

दुसरा रोल मिळाला. हात आता हलत नाही, उजेडही तुला कळू लागला आहे. पण मागे सर म्हटलं तर तू आणखी पुढे गेलीस. मी चिडलो. पुतण्याला म्हणालो, ही बया माझं ऐकायचीच नाही. मग त्याच्याकडून भिंग मागवलं आणि एकेक फोटो पुन्हा बघितला. ही आमच्या धंद्यातली खोड.

कपाळावर पांढरा टिळा असलेली मेंढी चार फोटोंत आहे, दर वेळी वेगळ्या जागी उभी केलेली. बाभळीजवळच्या फोटोत एका कडेला मेंढरं कोंडायचं तुमचं वाडगं आलं आहे आणि ते रिकामं आहे. अर्जुनाच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या दिसतात. मेंढरं राखणाऱ्याला बोटं बांधावी लागत नाहीत, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्याला लागतात.

अंजना, कळप गेला ना?

उत्तर पत्रात लिहू नकोस. मी झोपलो असेन आणि तुझं पत्र दुसऱ्याच कुणी त्यांना वाचून दाखवेल. जतकडची बातमी पेपरात रोज येते, ते पान मी दुमडून ठेवतो. पाऊसपाणी विचारलं तर बरं आहे म्हणतो. फोटो त्यांना देण्याआधी सिस्टरांची बँडेजची कात्री मागून घेतली आणि रिकाम्या वाडग्याची कड कापून टाकली. जन्मभर लोकांच्या फोटोंतलं नको ते कापत आलो, पण एवढा जड हात कधी झाला नव्हता.

तेव्हा मागचं शिकवलेलं विसर. मागे सरू नकोस. मेंढरं चौकटीच्या चारही कडांना भिडू देत, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की पलीकडे आणखी आहेत. तिरपं ऊनही नको, त्यात बरगड्या दिसतात. ऊन मेंढराच्या समोरून पडेल असं बघ.

आणि पोटाला खात जा. तू एकाही फोटोत नाहीस, म्हणून मला काळजी नाही असं समजू नकोस.

तुझा,
नानाकाका


मिरज,
ता. १२ मार्च १९७३

चि. अंजनास अनेक आशीर्वाद.

तिसऱ्या रोलमधला तो शेवटचा फोटो बघून मी खाटेवर उठून बसलो. सगळा माळ मेंढरांनी भरलेला, मधोमध अर्जुना काठी घेऊन उभा, पाठीमागे फक्त डोंगराची रेघ. सावली नाही, बोट नाही, आभाळ हवं तेवढंच. कुणाचा तरी कळप घटकाभर उसना मागितलास, हे मी ओळखलं आणि मनात म्हटलं, शाबास. पुतण्याकडून फोटो मोठा करून घेतला आणि ऐटीत अण्णांपुढे धरला.

अण्णांनी तो जवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"फोटू लय भारी आलाय," ते म्हणाले. "आकारामाची मेंढरं बी बरी दिसत्यात."

मी म्हटलं, आकारामाची कशी? तुमचीच आहेत.

"आवं नानासो, आमच्या मेंढराचा उजवा कान खुणंला कातरलेला असतुया. ह्यांचा डावा हाय. आकारामाच्या आज्यापासनं त्यांचा डावाच."

मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, अण्णा, कधी कधी फोटो उलटा छापला जातो, उजवं ते डावं दिसतं.

"व्हय का? मग अर्जुनाची काठी बी दुसऱ्या हातात जायला पायजे व्हती की."

एवढ्याशा फोटोत कान कोण बघतो, असं तुला वाटलं असणार. अगं, बाप दुसरं काय बघणार होता?

कधीपासून ठाऊक आहे, असं मी विचारलं. पहिल्या रोलपासून, म्हणाले. घंटीवाली मेंढी एकाही फोटोत नव्हती, आणि ती नाही म्हणजे तिच्यामागचा कळप नाही. "तुमी कात्री चालवली तवा तर मला हसू आलं. बाभळ निम्मीच ठिवली की वं."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, वाईट वाटलं नाही का? कळप गेल्याचं कळलं तर तुम्ही उठून जाल, म्हणून आम्ही दोघं एवढे झटत होतो.

"रडलो की. तुमी तवा आंघुळीला गेलावता." मग म्हणाले, "जाऊन काय राखू? आन् पोरगी दिवसभर खडी फोडून सांजच्याला लोकांची मेंढरं हुडकत फिरतीया, बाप हितं ऱ्हावा म्हणून. मी पळालो असतो तर तिची समदी धडपड पाण्यात. म्हणून ऱ्हायलो."

अंजना, मेंढरांनी त्यांना धरून ठेवलं आहे, असं आपण समजत होतो. धरून ठेवलं होतं तू.

नंतर त्यांनी आपल्या दोघांच्या कामात एक चूक काढली. एवढे फोटो पाठवले, पण त्यात पोरगी कुठं आहे, असं विचारलं. मग त्यांनी उशीखाली हात घातला आणि एक फोटो बाहेर काढला. मी बाद केलेला, तुझी सावली पडलेला. कोपरे मऊ झालेत, मध्ये घडी पडली आहे.

"ह्यात हाय तेवढीच," म्हणाले आणि परत ठेवून दिला. मी नीट नवा छापून देतो म्हटलं, तरी हातातून सोडला नाही.

डॉक्टर पाडव्याच्या पुढे त्यांना सोडतील. मलाही तेव्हाच सोडतील, पण आधी सोडलं असतं तरी मी काहीतरी दुखणं काढून राहिलो असतो. एवढी सवय झाली आहे या माणसाची.

आता शेवटचा धडा. रोलमध्ये एक तरी जागा शिल्लक असेल, ती वाया घालवू नकोस. कॅमेरा अर्जुनाकडे दे आणि तू समोर उभी राहा. दिवस कलताना, तिरप्या उन्हात. हाडं दिसली तर दिसू देत. पाठीमागे रिकामं वाडगं आलं तर येऊ दे, टिळ्याची मेंढी बाजूला उभी कर. अर्जुनाची सावली पडली तरी हरकत नाही, तेवढाच तोही अण्णांना त्यात सापडेल.

पाकीट मी उघडणार नाही, अण्णाच उघडतील. कात्री मी सिस्टरांना परत करून टाकली आहे.

तुझा,
नानाकाका