पिनकबाईंची बरणी

लेडबरी, २१ ऑगस्ट

प्रिय हिल्डा,

गेल्या सप्टेंबरात हॉस्पिटलात जाताना तू बजावलं होतंस, "सिरिल, बागेतल्या लोगनबेरीच्या वेलाच्या फळून झालेल्या फांद्या छाट आणि नव्या तारेला बांध." मी नेमकं उलटं केलं. तपकिरी फांद्या मला दणकट वाटल्या आणि हिरव्या उगाच माजलेल्या, म्हणून हिरव्या सगळ्या उडवल्या. फळ येतं ते त्या हिरव्यांनाच, त्यामुळे यंदा एकही फळ धरलं नाही.

रविवारी शुश्रूषागृहात तुला आणून दिलेला जॅम शेजारच्या पिनकबाईंचा होता. तो आपल्याच वेलाचा समजून तू चमचा चाटत म्हणालीस, "याला म्हणतात जॅम. त्या पिनकबाईला जन्मात जमायचा नाही." मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आज रिकामी बरणी परत करताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं, तुझं बोलणंसुद्धा. वाटलं होतं, चिडतील. त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. माझं झाड तिच्याच वेलाचं. तिनेच एक शेंडा कुंपणाखालून माझ्या मातीत पुरला होता. मुळं धरल्यावर कापून मला दिला."

मग त्या लाल लोकर घेऊन आपल्या बागेत आल्या. यंदा फुटलेल्या प्रत्येक हिरव्या फांदीला त्यांनी एकेक धागा बांधला आणि मला दम भरला, "लाल दिसलं की कात्री खिशात."

तू घरी आलीस की विचारशीलच, हे कुणी बांधलं. तेव्हा सगळं कबूल करेन. तोवर हे पत्र ड्रॉवरमध्येच राहू दे. दुपारी फोनवर तू आणखी एक बरणी मागितलीस, आणि पिनकबाई ती भरतायत.

तुझा,
सिरिल