डॉक्टरांनी सांगितलेलं दाट

४ मार्च

लिही गं नाती, मी सांगते तसं. आज लेकाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. एवढी मोठी बस अरुंद वळणावरून अलगद काढतो, पण सुई दिसली की अजून माझा हात धरतो. रक्तात साखर निघाली. भरपूर. पुढच्या महिन्यात डेपोची तपासणी. तोवर साखर उतरली नाही तर स्टिअरिंग जाणार आणि हा तिकिटाच्या खिडकीत बसणार.  येताना बाजूने बस गेली की त्याची मान वळायची.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवू नका, गोड बंद, आणि दाट सांभाळा." माझा डावा कान कायमचा रजेवर आहे, पण उजव्याने स्पष्ट ऐकलं. दाट.

मी म्हटलं, अवघड काही सांगतायत की काय. हे तर माझंच खातं निघालं!

५ मार्च

भोपळा, गाजर, मसूर. पातेल्यात पळी उभी राहिली तेव्हा गॅस बंद केला.

लेक म्हणाला, "आई, हे काय?"

"डॉक्टरांनी सांगितलेलं."

"डॉक्टरांनी सांगितलेलं मी आणलंय." पिशवीतून तीन डबे काढले, एक फोडला, पावडर पाण्यात ढवळली आणि नाक दाबून प्यायला. वर तोंड गोड करायला एक गार बाटली, संत्र्याचं चित्र असलेली. म्हणे फळच आहे ना! चित्र मलाही वाचता येतं. आत संत्र्याची सावलीसुद्धा नव्हती.

चाळिशीतला घोडा आणि औषध पिताना तोंड तसंच करतो, दुपट्यात करायचा तसं.

६ मार्च

लेक कामावर गेल्यावर फोडलेला डबा पुढ्यात घेतला. नातीला विचारलं, यावर काय लिहिलंय गं?

"डाएट."

तेच! मोठ्या अक्षरांत लिहिलंय म्हणाली. मग चमचाभर पावडर पाण्यात ढवळून पाहिली. पाण्याहून पातळ. ओठाला चिकटेल तर शपथ. माझ्या पोराला उघडउघड फसवलं. मागच्या बाजूला काय काय घातलंय ते वाच म्हटलं, तर पोरीची जीभ तिसऱ्याच शब्दाला अडकली. भोपळ्याच्या मागे असलं काही लिहिलेलं नसतं.

उद्या दुकानात जाते.

७ मार्च

नातीला घेऊन गेले. गिऱ्हाइकं उभी होती, बरंच झालं. तिन्ही डबे टेबलावर ठेवले आणि विचारलं, "दाट लिहून पातळ विकता?"

दुकानदार गोंधळला. "आजी, डाएट आहे ते."

"मी तरी काय म्हणतेय?"

"डाएट, आजी. डा-एट."

"तोडून सांगितलंत म्हणून घट्ट होणार आहे का ते?"

नात पोत्याआड खाली बसली. बूट बांधते म्हणाली. पायात चप्पल होती.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. फोडलेला डबा परत घेत नाही म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही घरच्यांना पाजता का हे? मागून त्याची बायकोच म्हणाली, "आपल्याकडे कोण पितंय? द्या ना आजींना बदलून." न फोडलेले दोन डबे तिने ठेवून घेतले. बदल्यात मसूर, ओट, शेंगदाणे आणि पिशवीभर संत्री. अख्खी. साल असलेली.

रस्त्यात नात भिंतीला धरून हसत होती. कशाला, ते सांगेना.

८ मार्च

नातीने सकाळी सांगितलं, मला आणि तिच्या आईलाही.

हा शब्द दाट नव्हे. तो दुसराच आहे. चार दिवस ही पोरगी तिचं डाएट नीट लिहीत होती आणि माझं दाट, आणि मला पानावर दोन्ही किडामुंगीच!

जेवताना सगळ्यांना कळलं. लेक इतका हसला की ठसका लागला. खोटं कशाला, मला जरा लागलं. पातेलं उचलून आत निघाले होते. तेवढ्यात सूनबाई शिलाईच्या कारखान्यातून आली. तिने येताना डॉक्टरांना विचारलं होतं. म्हणाली, "आई, ठेवा ते खाली. डॉक्टर म्हणतात कडधान्यं, भाज्या, अख्खी फळं. डबे नकोत, बाटलीतला रस तर मुळीच नको. आजींना बरोबर ऐकू आलंय म्हणाले."

लेकाचं हसू थांबलं. त्याने तो शब्द दुकानात शोधला, मी पातेल्यात. एवढाच फरक.

"वाढ," म्हणाला.

"आधी ठसका जाऊ दे," म्हटलं. सोडते का मी.

११ मार्च

लेकाने वाटी बोटाने पुसून खाल्ली. कोणी बघत नाही असं त्याला वाटलं.

१९ मार्च

लेकाच्या बसचा कंडक्टर घरी आला होता. चहाला म्हणून येतो, चुगल्या करून जातो. मला फार आवडतो. म्हणाला, "काकू, स्टँडवर टपरीवाल्याने सवयीने गार बाटली पुढे केली. तुमच्या लेकाने जुनी मैत्रीण दिसावी तसं बघितलं. हातसुद्धा उचलला."

"मग?"

"मग खिशातून संत्रं काढलं. सोलताना पुढच्या सीटवरच्या बाईच्या डोळ्यात रस उडाला. अख्खी बस भांडली."

भांडू दे.

२७ मार्च

जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून लेक रोज सरकारला शिव्या द्यायचा. आज सरळ वर आला. सरकारची सुटका झाली.

४ एप्रिल

तपासणी.  सकाळी सूनबाईने मिठाचा डबा फ्रिजमध्ये ठेवला. मी तिला हसले आणि चष्मा शोधत बसले. तो डोळ्यांवर होता.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी बसचा हॉर्न. थांबेचना! कंडक्टर पायरीवर लटकून ओरडतोय, "काकू, पास!" गाडीतल्या उतारूंनी टाळ्या वाजवल्या, काय झालंय हे माहीत नसताना. मी खिडकीतून हातातली पळी हलवली. वरणाचे थेंब खालच्या मजल्यावरच्या धुण्यावर. खालची शेजारीण जे बोलत होती ते ऐकायला मी मुद्दाम डावा कान लावला.

६ एप्रिल

लेकाने मार्गावर बस चालवणं सोडलं. पास झाला म्हणून ही बदली मागता आली म्हणे. आता डेपोतच नव्या ड्रायव्हरांना शिकवणार.

मी म्हटलं, "स्टिअरिंगसाठी घर डोक्यावर घेतलं आणि तूच उठून दुसऱ्याला दिलंस?"

"डेपो जवळ आहे, आई. दुपारी जेवायला घरी येता येईल."

गेली माझी दुपारची झोप.