भावाच्या शेजारची कुपी

मी, खाली सही करणारी, मलेरियाचं औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेत डास पाळणारी बाई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, आणि प्रचंड घाबरलेली असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. घाबरणं म्हणजे वेड लागणं नव्हे, एवढं वकिलांनी ध्यानात घ्यावं.

उद्या सकाळी माझेच डास मला चावणार आहेत. जाळी लावलेला कागदी पेला हातावर उपडा धरायचा, बस्स. पुढे ताप चढला की नवीन गोळी. निरोगी माणसांना ती पचली आहे. तापावर चालते का, हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

या डासांच्या पोटातला जंतू माझ्या धाकट्या भावाच्या रक्तातला आहे. जुन्या गोळ्यांना त्याने दाद दिली नाही, म्हणून ते रक्त आम्ही कुपीत गोठवून ठेवलं. भाऊ गेला, त्याचा ताप आमच्याकडे अजून जिवंत आहे. गोळी चालली नाही तर शिरेतून द्यायचं इंजेक्शन उशाशी तयार ठेवू, असं प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणतात. ते भावाच्या वेळीही होतं हो. तो दवाखान्यात पोचलाच उशिरा.

कलम १. राहती जागा भावजयीला. "मेल्यावरसुद्धा त्याला कामाला जुंपलंत," असं ती मला बोलली होती. ते अजून लागतं. तरी जागा तिचीच. मोरीचा नळ जोर लावून पिळावा, नाहीतर गळतो.

कलम २. माझा थर्मामीटर मोठ्या काकांना. "साधा ताप आहे, उगाच कांगावा नको," म्हणत त्यांनीच भावाला घरी ठेवून घेतलं होतं. आता रोज काखेत धरून बसा म्हणावं.

कलम ३. मच्छरदाणी ज्याला हवी त्याला. डास पाळणारी बाई मच्छरदाणीत झोपते म्हणून हसू नये.

कलम ४. मी वाचत नाही असं दिसलं, तर जीव जाण्याआधी माझं रक्त काढून गोठवावं आणि भावाच्या कुपीशेजारी ठेवावं. गोळी कुठे कमी पडली ते त्यातून कळेल. भावजयीने या वेळी हरकत घेऊ नये. ही परवानगी मी स्वतः देते आहे. भावाला कोणी विचारलं नव्हतं.

त्यासाठी ठेवलेल्या नव्या कुपीवर माझ्या नावाची चिठ्ठी आज मीच चिकटवली. ती वाकडी बसली. देवा, ती कुपी रिकामीच राहू दे. मला मरायचं नाही.

ठिकाण: डासांच्या खोलीबाहेरचा बाक.
दिनांक: डास चावण्याचा आदला दिवस.
सही: (वाचता येते, हेच पुष्कळ)

साक्षीदार १, डॉक्टरीणबाई: तपासलं. नाडी जलद, मन ठिकाणावर.
साक्षीदार २, फाटकावरचा रखवालदार: सही माझ्यासमोर केली. पाणी मागितलं, ते दिलं.

(खाली, वेगळ्या अक्षरात)
जिला जागा मिळते तिने साक्ष द्यायची नसते, असं वकील म्हणाले, म्हणून सही करत नाही. पण ताप चढेल तेव्हा उशाशी मीच बसणार, आणि उशीर होऊ देणार नाही. वन्सं, जागा नको मला. तुम्ही घरी या.