तो ‘हो’ म्हणाला तर

गिमली, ४ फेब्रुवारी

ती. थोरामावशीस,
सोल्वेगचा सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. एक लांब, एक आखूड, पण ऊब दोन्हींत सारखीच आहे. तळं अजून पक्कं गोठलेलं आहे आणि गाडी रोज सकाळी रुसून बसते.

गेल्या आठवड्यात शाळांतल्या आम्हां समुपदेशकांचं आणि मानसशास्त्रज्ञांचं प्रशिक्षण झालं. अंगाच्या जखमेवर करतात तसे मनावरचे प्रथमोपचार. डॉक्टर येईपर्यंत बुडणाऱ्याचा हात कसा धरून ठेवायचा, एवढंच. मुख्य धडा हा, की संशय आला तर आडवळण घ्यायचं नाही. जीव द्यायचा विचार मनात येतो का, असं सरळ विचारायचं.

जोड्या लावून सराव केला. माझ्या वाट्याला लॉर्न आला, आमच्या शाळांचा मानसशास्त्रज्ञ. माझ्या लग्नात अकॉर्डियन वाजवून तुला नाचवलं, तोच. त्याने पंधरा वर्षांच्या मुलाचं सोंग घ्यायचं आणि मी विचारायचं. मी शाळेचं, अभ्यासाचंच विचारत राहिले. तो मात्र मान खाली घालून बोलत सुटला. थकलोय, झोप लागत नाही, माझ्यावाचून पोरींचं काही अडणार नाही. शिकवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळे म्हणाले, लॉर्न, तू नाटकात जा. मीही हसले.

घरी येताना मी गाडी मध्येच थांबवली. मावशी, पंधरा वर्षांच्या मुलाला पोरी कुठून असणार? पोरी लॉर्नला आहेत.

आणि काल त्याने आपली जाडजूड पुस्तकं माझ्या टेबलावर आणून ठेवली. ठेव तुला, मला आता लागायची नाहीत, म्हणाला. मी चहा पितोस का एवढंच विचारलं.

इतकी वर्षं तो हेच काम करतोय. मी विचारलं तर हसेल, नाहीतर दुखावेल. बाहेर कळलं तर लोक आपल्या मुलांना त्याच्याकडे पाठवतील का? पण खरं सांगू, तो ‘नाही’ म्हणेल याची मला भीती नाही. तो ‘हो’ म्हणाला तर?

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून कागदावर रडते आहे. लोभ आहेच, या आठवड्यात तो जरा जास्त असू दे.

तुझी,
सोल्वेग


फ्लिन फ्लॉन, ९ फेब्रुवारी

चि. सोल्वेगस,
थोरामावशीचे अनेक आशीर्वाद.

मोज्यांच्या थट्टेचं नंतर बघते. असली गोष्ट कोणी टपालाने विचारतं का गं, वेडे? तुझं पत्र वाचलं आणि घरातल्या चपला न बदलता शेजारच्या डोनाकडे धावले. तिच्या फोनवरून तुला निरोप धाडला, आजच जा. डोना म्हणते, तू तो पाहिलास. उत्तर मात्र नाही. तिच्या स्वयंपाकघरात बसले आहे. तिने पुढे ठेवलेली बटाट्याच्या सारणाची पिरोगी गार झाली. हात रिकामे ठेववत नाहीत, म्हणून त्यांना लिहायचं काम दिलं आहे.

खाणीच्या इस्पितळात मी नर्स म्हणून उभा जन्म काढला. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरलेला मी पाहिला नाही. शिरलेला असतोच, विचारल्यावर माणूस त्या विचारापाशी एकटा उरत नाही.

आता तुझा प्रश्न. तो ‘हो’ म्हणाला तर तू घाबरशील. घाबर. पण खुर्चीवरून उठू नकोस. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस आणि त्याला एकटं सोडू नकोस. बाकीचं तुम्हांला शिकवलं आहेच.

डोनाचा फोन वाजला की मी दचकते. ही ओळ लिहिताना वाजला, तर तिच्या सुनेचा होता.

पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी पाठवते. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
थोरामावशी


गिमली, १२ फेब्रुवारी

ती. थोरामावशीस,
सोल्वेगचा सा. न. वि. वि.

तो सुखरूप आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तू पुढचं बसून वाचशील. त्या रात्री डोनाला कळवलं ते तुला समजलं असेलच, पण तुला सगळं सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

तुझा निरोप वाचला तेव्हा मी त्याच्या शाळेबाहेर गाडीतच बसले होते. हात दारावर, पण दार उघडवत नव्हतं. उत्तर द्यायचं सुचलंच नाही, रागावू नकोस.

आत तो मुलांच्या फायली लावत होता. मी दार लोटलं आणि सगळं पाठांतर विसरले. लॉर्न, प्रशिक्षणात तू पोरींविषयी बोललास ते सोंग नव्हतं ना, जीव द्यायचा विचार करतोयस का, असं एका दमात बोलून गेले. त्याने हातातली फाइल मिटली. मग म्हणाला, सोल्वेग, डोळ्यांत बघून विचारायचं असतं, तू खिडकीला विचारलंस. मला हसू फुटलं आणि त्याचा चेहराच मोडून पडला. हो म्हणाला. ठरवलंच होतं म्हणाला.

मावशी, पळून जावंसं वाटलं. खुर्ची ओढून बसले आणि उठले नाही. त्याने विनवलं, मार्जोरीला सांगू नकोस. मी म्हटलं, बायकोपासून हे मी लपवणार नाही, आपण दोघं मिळून सांगू. मदतीच्या नंबरवर फोन मी लावला, बोलला तो. मार्जोरी कोट उलटा घालूनच आली. इस्पितळात आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो. तिच्या भावाने घरातल्या धोक्याच्या वस्तू उचलून आपल्याकडे नेल्या.

काल त्याला घरी सोडलं. औषध सुरू आहे, दर आठवड्याला डॉक्टर आहेत. मला वाटलं होतं, आता माझी भीती जाईल. गेली नाही. फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं. सकाळी त्याचाच आला. म्हणाला, आज बरा आहे, पण उद्याची खात्री देत नाही. उद्या येऊन पुन्हा विचारशील का?

येते म्हटलं. रात्रभर झोप लागणार नाही, माहीत आहे. पण उद्या खिडकीकडे बघणार नाही.

तुझा आशीर्वाद मागत नाही, तो आहेच. फक्त पत्र मिळेल त्या दुपारी माझी आठवण काढ.

तुझी,
सोल्वेग