पांढरा ठिपका

रविवार, ९ मार्च

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार. मी थोरला साडू, तेव्हा खरं तर आशीर्वाद लिहायला हवेत. पण आशीर्वाद द्यायला हात धजत नाही, म्हणून नमस्कारच घे.

इकडे सगळे ठीक. तुझी थोरली मेहुणी गुडघ्याला पट्टा बांधून का होईना, रोज फिरायला जाते. मला शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी मधल्या सुट्टीच्या वेळेला पोटात कावळे ओरडतात. तुझा दवाखाना चांगला चालला असणार. लोकांचे दात काही किडायचे थांबत नाहीत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. न उचलणं बरोबरच आहे तुझं.

बातमी अशी की सासरेबुवांच्या गाडीचं इंजिन आम्ही खाली उतरवलं. त्यांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. गेल्या महिन्यात म्हणाले, "जायच्या आत एकदा तिच्यात बसवा रे मला." म्हणून आपल्या त्या टर्नरला बोलावलं, ज्याच्याकडून आपण सिलिंडर घासून घेतले होते तोच. त्यानं कुठून तरी त्याच मॉडेलचा दुसरा ब्लॉक मिळवलाय. अजून तसाच तिरकस बोलतो आणि अजून उधारीवर चहा पितो.

त्यानं इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं सोडवलं. काळ्या चिखलात हात घालून एक नट काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्यासमोर धरला. तिसऱ्या पिस्टनच्या दांड्याचा नट. म्हणाला, "मास्तर, हा तुटलेला नाही. सुटलेला आहे. कुणी आवळलाच नव्हता." नटावर पांढरा ठिपका होता.

"पांढरा कुणाचा?" त्यानं विचारलं.

"आठवत नाही," मी म्हणालो.

तीन वर्षांपूर्वी आपण दोघं हे इंजिन बांधत होतो, तेव्हा नियम तूच घातला होतास. किती जोर लागला ते दाखवणाऱ्या काट्याच्या पान्यानं नट पुरता आवळला की ज्यानं आवळला त्यानं रंगाचा ठिपका द्यायचा. तुझा लाल, माझा पांढरा. ठिपका दिसला की दुसऱ्यानं त्या नटाला हात लावायचा नाही. मी तेव्हा म्हणालो होतो, "डॉक्टर, दोन माणसांत कसले शिक्के मारत बसतोस?" तू म्हणालास, "दाढ कुठली काढायची त्यावर मी आधी खूण करतो. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून."

पहिल्या फेरीचा दिवस तुला मी काय सांगायचा. सासरे पुढे बसलेले, इस्त्रीचा शर्ट, जुना चष्मा. चढावर इंजिनात हातोडा मारल्यासारखे आवाज आले, दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला आणि रस्ताभर तेल झालं. जुन्या गाड्यांवाले सगळे भोवती जमले. मी त्यांच्यादेखत म्हणालो, "दातांच्या डॉक्टरनं इंजिनात हात घातला की हेच व्हायचं." लोक हसले. तू शांतपणे म्हणालास, "तिसऱ्याचे नट मी आवळलेले नाहीत." त्यावर मी म्हणालो, "मग काय भुतानं आवळले?" सासऱ्यांनी तुला तिथंच सांगितलं, यापुढे गॅरेजकडे फिरकू नकोस. तू हत्यारं तिथंच ठेवलीस आणि चालत घरी गेलास.

"टर्नरनं नट दाखवला तेव्हा मला कळलं," असं एक पत्र मी परवा तुला लिहिलं होतं. वाचलं आणि फाडलं. खरं असं की मला त्याच दिवशी माहीत होतं. तेल रस्त्यावर पसरत होतं तेव्हाच.

त्या सकाळी रंग घट्ट होत चालला होता. कुंचला वाळेल म्हणून मी तिसऱ्याच्या दोन्ही नटांवर आधीच ठिपके देऊन ठेवले. म्हटलं, मग सावकाश आवळू. एक आवळला. तेवढ्यात बाहेरून कुणी तरी हाक मारली, उठलो, गप्पा मारून परत आलो. दोन्हींवर ठिपके दिसले, म्हणजे झालंच काम. तूही ठिपका बघितलास आणि भांडं बसवलंस. तू माझ्यावर भरवसा ठेवलास, चूक म्हणायची तर एवढीच.

तीस वर्षं पोरांनी गणितात एक पायरी गाळली की मी गुण कापायचो. माझी पायरी गळाली तेव्हा सगळं खापर तुझ्यावर फोडलं आणि तीन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. दोघी सख्ख्या बहिणी आता एकमेकींच्या घरी फक्त आजारपणात जातात. सासरे तुझा विषय निघाला की पेपर डोळ्यांसमोर धरतात. हे सगळं मी रोज बघत होतो, डॉक्टर. मला माझी लाज वाटते.

काल सकाळी चहाच्या वेळी बायकोला आणि सासऱ्यांना सगळं सांगितलं. ती उठून आत गेली. अजून कामापुरतं बोलते. सासऱ्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चूक सांगितली असतीस तर मी तुलाच पुन्हा पाना दिला असता. पण तू माझ्या तोंडून त्याला घराबाहेर काढलंस." मग त्यांनी ठरवलं ते सांगितलं: इंजिन तू बांधायचं, तुझ्या पद्धतीनं. तू नको म्हणालास तर गाडी तशीच राहील, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मला तर नाहीच.

शनिवारी सकाळी ट्रकमधून गाडी, दोन्ही ब्लॉक आणि तुझी हत्यारं तुझ्या दारात येतील. सासरे ड्रायव्हरशेजारी बसून येणार आहेत. तुझी माफी मागायची आहे म्हणतात, आणि ती फोनवर मागायची नाही म्हणतात. त्यांना आत घे. जिना जपून चढव.

मी त्या ट्रकमध्ये बसायचं की नाही, ते तू कळव. नाही म्हणालास तर समजेन. काहीच कळवलं नाहीस तर तेही समजेन.

तुझ्या उत्तराच्या लायकीचा नसलेला,
तुझा थोरला साडू