जुईखालच्या पंधरा जणी

१२ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

रेशीमकिड्यांची अंडी धरली. तुझी वहिनी गेल्यानंतरचं हे पहिलंच पीक, तिने पंचवीस वर्षं जपलेल्या वाणाचं. अंडी घातली की पतंगिणीला खलात कुटून तुझ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचं, हा तुझा नियम. पण बाळंतिणीला कोणी कुटतं का गं? आईच्या कवितेला अख्खा वर्ग रडवलेला मास्तर मी! पंधराही जणी आपापल्या गेल्या, तेव्हा त्यांना जुईखाली एकत्र पुरलं, चार ओळी म्हटल्या. तुझ्या समाधानाला डबीतून त्यांचे नर पाठवलेत.

निम्मी अंडी शेजारच्या शिंपीणबाईंना दिली. त्यांनी शिवणकाम बंद करून घरभर मांडण्या लावल्यात.

म्हाताऱ्यावर माया असू दे.

दादा

१५ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

डबी पोचली. आईची तपासणी बापावर भागवणारा तू पहिलाच! ज्या रोगासाठी कुटून तपासतो, तो आईच्या पोटातून अंड्यात उतरतो. तरी नर कुटले. पाचांत चकचकीत लंबगोल बीजाणू, म्हणजे रोग तुझ्या घरात आहे. पतंगिणी वेगवेगळ्या ठेवल्या असत्यास, तर निरोगी आयांची अंडी तरी वाचवता आली असती. आता सगळी जाळ. अळ्या वीस तारखेला बाहेर येतील. त्याआधी शिंपीणबाईंकडे स्वतः जा. चिठ्ठी पाठवू नकोस, कविता तर मुळीच नको.

आणि वहिनीने वाण जपला तो कुटूनच. तू पलीकडच्या खोलीत कवितांना चाली लावत बसायचास.

तिने मला दरसाल थोडी अंडी दिली, तो वाण इथे जिवंत आहे. पाठवेन, पण बाईंच्या नावाने.

राग मान, पत्र मात्र चुकवू नकोस.

चिमणी

१९ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

जाळली. बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टेप गळ्यात तसाच. मग म्हणाल्या, मास्तर, रडायचं असेल तर बाहेर रडा, मांडण्यांवरचं कापड भिजेल. त्यांच्याकडचीही जाळली. तुझी अंडी त्या घेणार आहेत, एका अटीवर: कुटायचं मी, त्यांच्यासमोर.

खल शोधला. माझ्या वह्यांमागेच होता, तळ झिजून वाटीसारखा खोल झालेला. एवढं काय कुटतेस, असं मी आतून ओरडायचो. तुमच्या खोकल्याचा काढा, म्हणायची.

पंचवीस वर्षं प्यालो. कशाचा होता, ते कळवू नकोस.

तुझा रागही चालेल, अबोला नको.

दादा